लिफ्टवाल्याची उडी

५ एप्रिल

प्रिय बाई,

पोहोचलो. सुखरूप म्हणवत नाही, पण अवयव मोजून घेतले, सगळे आहेत.

तुझ्या हुकमाप्रमाणे कागदावर लिहितोय आणि कागदाचा फोटो काढून पाठवतोय. "फोनवर तुम्ही तीन शब्दांचे धनी. हो, नाही, बरंय. पत्रात जरा माणसासारखे बोलता," असं तू निघताना म्हणालीस. लग्न ठरल्यावर मी लिहिलेल्या पत्रांना तू फसली होतीस, ते अजून विसरली नाहीस तर! व्हिडिओ कॉलही करायचा नाही म्हणालीस. ठीक. शाळेतल्या सगळ्यांसारखा मीही तुला बाई म्हणतो, तेव्हा बाई म्हणतील ती पूर्व दिशा.

खरं तर इथे तू असायला हवी होतीस. पाठीवर पिशवी टाकून परदेश हिंडायचा, डोंगरावरून घसरायचं, पुलावरून उडी मारायची, हे वेड तुझं. मी आपला मागून चालणारा हमाल. पण तू भरलेली पिशवी घेऊन जिन्यावर सराव केलास, धापा टाकत मागून उतरणाऱ्या मला हसायला शेवटच्या पायरीवर वळलीस आणि मांडीचं हाड मोडून घेतलंस. तिकिटं दोन, धड माणूस एक. जे धड होतं ते तू पाठवून दिलंस, आणि माझ्या जागी आक्काला आणून बसवलंस. मांडीत रॉड घातलेल्या बायकोला बहिणीवर सोपवून उड्या मारायला गेलेला नवरा, अशी इमारतीत माझी कीर्ती झाली असेलच. आधीच तिथे मी प्रसिद्ध आहे. गावभरच्या लिफ्टा दुरुस्त करतो आणि आपल्या लिफ्टचं दार वर्षानुवर्षं मांजर चिरडल्यासारखं ओरडतं.

इथे एका खोलीत आठ जणांचे दुमजली पलंग आहेत. सात तरुण पोरं आणि आठवा मी, बासष्ट वर्षांचा, वरच्या मजल्यावर. शिडी चढताना पलंग हलला, तेव्हा खिशातला टेस्टर काढून त्याचे सगळे स्क्रू पिळून घेतले. मग शेजारच्या पलंगाचेही पिळले. लोक हात मिळवून ओळख करून घेतात, मी स्क्रू पिळून घेतो. माझं इंग्रजी तुला ठाऊक आहे, लिफ्टमधल्या पाट्यांवर शिकलेलं. एका पोराने हसून काहीतरी विचारलं, बहुतेक "कसे आहात?" असावं. मी म्हणालो, "जास्तीत जास्त सहा माणसं." तेव्हापासून ती पोरं माझ्याशी फार जपून वागतात.

पस्तीस वर्षं मी प्रत्येक लिफ्टमध्ये एक पाटी ठोकत आलो. 'लिफ्ट अडकल्यास घाबरू नये. बेल वाजवा व थांबा. मदत येत आहे.' ती इथे माझ्या उशाशी हवी होती. परवा दोरीवरून दरी पार करायची आहे.

पाय जपून टाक.

तुझा,
लिफ्टवाला


८ एप्रिल

अहो लिफ्टवाले,

पत्र वन्संना मोठ्याने वाचून दाखवलं. 'जास्तीत जास्त सहा माणसं'ला त्या इतक्या हसल्या की चहा सांडला. मग म्हणाल्या, "लहानपणापासून असाच आहे गं तो. आईने दुकानात पाठवला की दुकानाच्या दाराची कडी नीट करून यायचा, सामान विसरून."

माझी काळजी नको. डॉक्टर येऊन गेले. हाड चांगलं धरतंय म्हणाले. आता वॉकर घेऊन रोज पाय टेकायचा, चालायचं. भीतीने पडून राहिलात तर सांधा आखडेल आणि मग चालणं जन्माचं गेलं समजा, असं तोंडावर सांगितलं. मी म्हटलं, डॉक्टर, कुणाला सांगताय? आयुष्यभर मैदानावर पोरं पळवली. ढोपर फोडून रडत येणाऱ्या प्रत्येकाला माझा एकच मंत्र होता, "ऊठ, माती झटक, पळ." आज सकाळीच स्वयंपाकघरापर्यंत जाऊन आले. वन्सं बघतच राहिल्या.

आता तुमचं. पलंगांचे स्क्रू पिळायला तुम्हाला एवढ्या लांब पाठवलेलं नाही. बाकी काही करा, न करा, पण पुलावरची उडी माझी होती. ती माझ्या वाटची तुम्ही मारायची. ती मारून आलात की मी स्वतः खाली उतरून फाटकापर्यंत तुम्हाला घ्यायला येईन. लागली पैज?

भित्यापाठी ब्रह्मराक्षस असतो, तेव्हा मागे वळून बघू नका. मी वळले, काय झालं ते पाहिलंतच.

— बाई


११ एप्रिल

प्रिय बाई,

स्वयंपाकघरापर्यंत! वाचून खोलीतल्या सगळ्या पोरांना चहा पाजला. का पाजतोय ते मला इंग्रजीत सांगता येईना, म्हणून एका पायावर लंगडत चालून दाखवलं आणि मग टाळ्या वाजवल्या. त्यांनीही वाजवल्या. बहुतेक त्यांना वाटलं, माझाच पाय बरा झाला.

आता दोरीचं ऐक, आणि आक्काला वाचून दाखवताना तिच्या हातात चहा देऊ नकोस.

दरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तारेचा दोर. कमरेला पट्टे बांधतात, आकडा तारेत अडकवतात आणि ढकलून देतात. मी तार पाहिली. पोलादी, पिळाची, ओळखीतली. तेव्हा माझी छाती जरा फुगली. म्हटलं, ही तर आपल्या घरची. तिथला पोरगा म्हणाला, मधे ब्रेक लावायचा नाही, वेगाने जायचं. मला ते पटलं नाही. ब्रेक नसलेली कोणतीही वस्तू मी जन्मात पास केलेली नाही. हातात जाड मोजा होताच. अर्ध्या वाटेवर मी तार घट्ट धरली.

थांबलो. अगदी मधोमध. खाली दरी, वर आभाळ, मधे मी, वाळत घातलेल्या पायजम्यासारखा.

आयुष्यभर दोन मजल्यांच्या मधे अडकलेल्या माणसांना मी वरून ओरडून सांगितलं, "काही होत नाही, शांत उभे राहा." ती माणसं आतून मला शिव्या का द्यायची, ते तिथे कळलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मग निघताना तू माझ्या गळ्यात घातलेली तुझी शाळेची शिट्टी आठवली. जीव खाऊन वाजवली. खाली दरीत सहलीला आलेली पोरं हुंदडत होती, ती एका रांगेत उभी राहिली. शपथेवर सांगतो. बाई, तुझी शिट्टी कुठल्याही देशात चालते.

शेवटी एक मुलगी दुसऱ्या टोकाकडून हाताने तार ओढत माझ्यापर्यंत आली आणि मला पोत्यासारखा ओढत घेऊन गेली. ती माझ्याशी सतत काहीतरी मऊ आवाजात बोलत होती. शब्द कळले नाहीत, पण मी पाटी वाचणाराच नव्हे, लिहिणाराही आहे, त्यामुळे ती काय म्हणत होती ते मला पाठ होतं. घाबरू नये. मदत येत आहे.

आता उडी उरली. त्या विषयावर नंतर लिहितो. घाई काय आहे?

तुझा,
लोंबकळलेला


१४ एप्रिल

अहो,

घाई आहे. विषय बदलू नका.

वन्संनी या वेळी चहा आधीच संपवला होता, तरी पदर तोंडात धरून बाहेर गेल्या.

माझी प्रगती म्हणाल तर तुम्हाला लाज वाटेल. काल चक्क लिफ्टने खाली जाऊन आले. वॉकर घेऊन, एकटी. तुमच्या त्या लाडक्या लिफ्टचं दार नेहमीसारखं किंचाळलं, तळमजल्याच्या आजींनी डोकं बाहेर काढलं, "बाई, तुम्ही!" म्हणाल्या. बागेत थोडी बसले, ऊन घेतलं, वर आले. आता पुढच्या आठवड्यात जिना.

मोडलेल्या पायाची बाई खाली उतरते आणि दोन धड पायांचा माणूस पुलावरून उतरत नाही? आठवडा संपायच्या आत उडी. फोटोसकट.

— बाई


१७ एप्रिल

प्रिय बाई,

मारली.

फार काही नाही. गेलो, बांधून घेतलं, मारली. खाली नदी, वर पूल, मधे वारा. सुरुवातीला किंचित भीती वाटली, पण मग तुझा मंत्र आठवला. वर आल्यावर लोकांनी पाठ थोपटली. उडीनंतर लगेच काढलेला फोटो सोबत आहे. फाटकाशी भेटूच.

तुझा,
उडीबहाद्दर


१८ एप्रिल

अहो उडीबहाद्दर,

फोटो पाहिला. छान आहात. अंगावर पट्टे, मागे पूल, चेहऱ्यावर हसू, केसांचा भांग सरळ. आणि शर्टाच्या खिशात टेस्टर.

डोकं खाली, पाय वर करून नदीवर लोंबकळून आलेल्या माणसाच्या खिशात टेस्टर राहतो? मैदानाला तीन फेऱ्या मारून आलो म्हणणारी किती पोरं मी पाहिली असतील! घाम न आलेलं पोर मी लांबून ओळखते. त्यात तुमचं पत्र एवढंसं. खरोखर उडी मारली असती तर तुम्ही दहा पानं लिहिली असतीत आणि दोराचा व्यासही कळवला असतात.

खोटं बोलून पैज जिंकायला निघालात? मला राग आला नाही, हसू आलं. पण खरं काय झालं ते लिहा. सगळं.

— बाई


२० एप्रिल

प्रिय बाई,

चोरी पकडली गेली. हात जोडून उभा आहे. लिहितो.

पुलावर गेलो. आधी वजन करतात आणि मनगटावर निळ्या पेनाने लिहितात, मालगाडीच्या डब्यावर लिहितात तसं. मग रांग. माझ्यापुढे दोन मुली, मागे दहाबारा पोरं. पट्टे चढवल्यावर मी एका मुलाकडून फोटो काढून घेतला. पुढे माझी अवस्था फोटो काढण्यासारखी राहील याची खात्री नव्हती.

पुढच्या मुलींचा नंबर आला. मी तिथल्या माणसाला म्हटलं, दोर दाखवा. त्याने दाखवला. मनगटाएवढा जाड, आत रबराचे असंख्य धागे. मी हातात घेऊन ओढून पाहिला, आणि बाई, तो ताणला! माझ्या धंद्यात ताणलेला दोर म्हणजे मेलेला दोर. दिसला की त्याच दिवशी लिफ्ट बंद, दोर भंगारात. मी तिथल्या तिथे जाहीर केलं की हा दोर नापास आहे. पुढच्या दोन मुलींना हात आडवे धरून अडवलं. "नो, नो, आउट ऑफ ऑर्डर!" तेवढं इंग्रजी मला उत्तम येतं. रांग थांबली. मागची पोरं कुजबुजायला लागली. तो माणूस आधी हसला, मग कपाळाला हात लावला, मग हाताने स्वतःला वर-खाली उसळवून दाखवत मला समजावू लागला की आजोबा, ताणायलाच पाहिजे, नाही ताणला तर माणूस तुटेल.

त्याचं खरं होतं. उडीचा दोर ताणण्यासाठीच असतो, हे एखाद्या शेंबड्या पोरालाही कळेल. ते फक्त मला कळलं नाही, कारण मला कळून घ्यायचं नव्हतं. दोर ठणठणीत होता. नापास मी होतो. त्यांनी मला बाजूच्या बाकावर बसवलं आणि कागदी पेल्यात चहा दिला. त्या दोन मुली आळीपाळीने उडी मारून, किंचाळून, हसत वर आल्या आणि माझ्या शेजारी बसून त्यांनी मला बिस्किट दिलं. म्हातारपणी इतका मान मिळेल असं वाटलं नव्हतं.

ही माझी चोरी झाली. आता तुझी.

निघायच्या दिवशी टॅक्सी खाली उभी होती आणि मी बराच वेळ येत नव्हतो, आठवतं? तू वरून ओरडत होतीस. मी आपल्या लिफ्टचं दार काढून बसलो होतो. त्याचं चाक बदललं, पट्टी घासली, तेल दिलं. इतकी वर्षं जे केलं नाही ते केलं, कारण तू बरी होऊन पहिल्यांदा खाली जाशील तेव्हा ते दार बिनआवाज बंद झालेलं बघून तुला कळावं, की तुझा नवरा अगदीच टाकाऊ नाही. तुला धक्का द्यायचा होता म्हणून बोललो नाही. आक्कालाही कळलं नसणार, कारण "माझ्या भावाने हात लावलाय ना, मग मी जिन्यानेच जाते" हा तिचा नियम आहे.

ते दार आता किंचाळत नाही, बाई. तू लिहिलंस, नेहमीसारखं किंचाळलं. तू लिफ्टमध्ये गेलीच नाहीस.

स्वयंपाकघरापर्यंत तरी गेली होतीस का?

मला राग नाही. मला भीती वाटतेय. पुलावर वाटली त्यापेक्षा जास्त.

तुझा,
मी


२७ एप्रिल

चि. भावास,

मी कधी कुणाला पत्र लिहीत नाही. तुझी बायको आठवडाभर लिहीत नाही म्हणून मी लिहिते आहे. तिला माहीत नाही. ती भिंतीकडे तोंड करून पडली आहे.

तू गेलास त्या दुसऱ्या दिवशी ती माझी वाट न बघता एकटी उठायला गेली. मी भाजी आणायला गेले होते. परत आले तर जमिनीवर बसलेली. हाडाला काही झालं नव्हतं, डॉक्टरांनी बघितलं. पण तेव्हापासून तिने पाय खाली टेकलेला नाही. वॉकर कोपऱ्यात आहे, त्यावर टॉवेल वाळत घातलाय. मी गोड बोलले, रागावले, काही उपयोग नाही. डॉक्टर म्हणाले, फार उशीर नको.

मला तिने शपथ घातली होती, तुला सांगायचं नाही. मी घालून घेतली. आता मोडली. तुझी पत्रं आली की मात्र ती हसते. म्हणून म्हणते, तू लिहायचं थांबवू नकोस. परत यायची घाई करू नकोस, तू आलास की ती तुझ्यासमोर सोंग करील आणि ते तिला झेपणार नाही.

दार मी काल उघडून पाहिलं. खरंच आवाज येत नाही. तरी मी जिन्यानेच जाणार.

— आक्का


२८ एप्रिल

अहो,

वन्संनी लिहिलं ते मला कळलं. त्यांना लपवाछपवी जमत नाही, पत्राचा फोटो काढताना फ्लॅश पडला.

मग आता खरं सांगते. मी पडले. उशाशी वॉकर होता, पाय टेकला आणि तो माझा नव्हताच. खाली बसले ती वन्सं येईपर्यंत तशीच. दारापर्यंत सरकतही गेले नाही. लादीचे ठिपके बघत होते. मी, जिने पोरांना कधी दोन मिनिटं रडू दिलं नाही! "ऊठ, माती झटक, पळ." किती पोरांना म्हटलं असेन मी हे, आणि त्यातल्या कितीजणांना खरोखर लागलं असेल, ते आता कळतंय. भीती वाटते म्हणणारं पोर मला आवडायचं नाही. आता मी तेच पोर आहे आणि मला मीच आवडत नाही.

तुम्हाला घरातून घालवलं तेही यासाठीच. मी अशी अंथरुणावर पडलेली तुम्ही बघायला नको होतं मला. इतकी वर्षं तुम्ही माझ्या जिवावर शूर होतात. मीच घाबरले तर तुम्ही काय करणार, असं वाटलं. व्हिडिओ नको म्हटलं ते त्यासाठी. पत्रात काहीही चालतं.

तुमचं नापास दोराचं पत्र मी कितीदा वाचलं माहीत नाही. त्या बाकावर चहाचा पेला घेऊन बसलेले तुम्ही डोळ्यांपुढे येता. तुम्हाला तुमच्या भीतीची लाज कशी वाटत नाही हो?

पैज मी हरले. तुम्ही उडी मारू नका. हवं तर उद्याच परत या.

— बाई


२ मे

प्रिय बाई,

लाज वाटते गं. खूप वाटते. पण लाज वाटली म्हणून भीती कमी होत नाही असा अनुभव आहे. दोन्ही बाळगण्यापेक्षा लाज हसण्यावारी नेलेली बरी, ओझं तेवढंच कमी.

काल मी परत पुलावर गेलो. पैजेसाठी नाही. तू हरलीस म्हणालीस ते मला सहन झालं नाही, म्हणून गेलो.

मला पाहताच तिथला माणूस ओरडला, "इन्स्पेक्टर!" आणि दोर लपवल्याचं नाटक केलं. सगळे हसले. मीही हसलो. चष्मा काढून दिला. टेस्टर काढून दिला, तेव्हा छातीवरचं मांसच काढून दिल्यासारखं वाटलं. त्याने विचारलं, अंगावर सैल काही आहे? मी म्हटलं, नाही.

कठड्याशी उभा राहिलो. पायांची बोटं पुलाबाहेर. खाली पाहिलं आणि बाई, मी काही शूर झालो नाही. मी वाट बघत होतो की भीती जाईल, मग उडी मारू. मागच्या खेपेलाही तेच करत होतो. मग ध्यानात आलं, की ती जाणार नाही. तिला कुठे जायचंय? तिलाही माझ्याबरोबर खालीच यायचंय. म्हटलं, चल बाई.

"बाई!" असं मी खरोखर ओरडलो. उडी कसली, पडलोच. हात पसरायचे असतात, मी कान धरले होते. "बाई" म्हणायला तोंड जे उघडलं ते मिटलंच नाही, आणि दोराने पहिला हिसका दिला तेव्हा माझे वरचे दात बाहेर आले. मी ते पाहिले. माझ्या पुढे-पुढे, उन्हात चमकत, नदीकडे निघाले होते. अंगावर सैल काही आहे का, असं त्याने विचारलं होतं. पण मागे पोरी उभ्या होत्या, त्यांच्यासमोर कवळी कोण काढणार, आणि माणसाला मरणाच्या दारातही आब राखावासा वाटतो.

मग मी उलटा, बिनदाताचा, लंबकासारखा झुलत राहिलो. वरून दोर खेचायला वेळ लागतो. रक्त डोक्यात, नदी डोक्यावर. त्या वेळी काय आठवावं? ती पाटी. मी ती मोठ्याने म्हटली. घाबरू नये. बेल वाजवा व थांबा. पस्तीस वर्षं ठोकत आलो, पण ती पाटी 'धीट व्हा' असं म्हणत नाही, हे मला उलटं लटकल्यावर दिसलं. ती म्हणते, अडकलात, ठीक आहे, कुणाला तरी कळवा आणि धीर धरा. तेवढंच.

तू अडकलीस तेव्हा बेल वाजवली नाहीस. तुझा राग येतो तो त्याचा. लोकांना सोडवण्याचा धंदा केलेला माणूस तू घरात ठेवून घेतलास आणि अडकलीस तेव्हा त्यालाच परदेशी धाडलंस.

उठायचं तर ऊठ, नाही जमलं तर बस. भीती जायची वाट बघू नकोस, ती बरोबर येईल. मी आल्यावर वॉकरवरचा टॉवेल काढीन, त्याचे स्क्रू पिळून घेईन आणि शेजारी उभा राहीन. तू पडलीस तर मीही खाली बसेन. लादीचे ठिपके दोघं मिळून बघू.

या वेळी फोटो पाठवत नाही. पुरावा माझ्या तोंडात नाही, हाच पुरावा. परवा विमान आहे, सहा तारखेला दुपारपर्यंत घरी.

तुझा,
बोळका


५ मे

अहो,

आपलेच दात, आपलेच ओठ म्हणतात. आता दात तरी गेले, ओठांचं बघू.

पत्र वन्संनी वाचून दाखवलं, कारण मला पुढे वाचता येईना. कान धरल्याचं आलं तिथे मी हसत होते, दातांशी आले तेव्हा रडत होते, पुढे दोन्ही. वन्सं वाचून उठल्या, वॉकरवरचा टॉवेल काढला, घडी करून कपाटात ठेवला.

काल उठले. मग खाली बसले. मला भीती वाटते असं मी वन्संना मोठ्याने सांगितलं. जन्मात पहिल्यांदा कुणाला सांगितलं असेल. त्या म्हणाल्या, "मलाही वाटते, तू माझ्या अंगावर पडशील म्हणून." मग पुन्हा उठले. पाय फार दुखतो. पण माझाच आहे, हे आता नक्की.

फाटकापर्यंतचं विसरा. तेवढं जमणार नाही, आणि लिफ्टचं दार मला तुमच्याबरोबरच ऐकायचं आहे, म्हणजे न ऐकायचं आहे. वन्संना सांगून ठेवलंय, उद्या दुपारी तुम्ही उठायचं नाही.

तुमच्याकडे किल्ली आहे, ती वापरू नका. बेल वाजवा व थांबा. वेळ लागेल. घाबरू नका.

येते आहे.

— बाई